बत्तीस चाकं

ता. ७ सप्टेंबर, सोमवार

प्रिय बिट्टे,

तुला, जावईबापूंना आणि दोन्ही कार्ट्यांना पोटभर आशीर्वाद. इकडे मी आणि तुझी आई ठीक. हवा बदलली की आईचा गुडघा संप करतो, पण जिभेनं अजून एकदाही सुट्टी घेतलेली नाही, तेव्हा काळजी नको.

तू पाठवलेलं मासिक मिळालं. ‘दोन दिवसांत जीव रमेल अशी दहा गावं’, आणि त्यात आपलं गाव पहिलं! आईनं ते पान आधी शेजारी वाचून दाखवलं, मग समोर, मग ज्यांच्याशी गेली चार वर्षं बोलणं बंद आहे त्यांच्याकडेही जाऊन आली. बेकरीवाल्यानं पानाला काच लावून गल्ल्याच्या वर टांगलंय. तळ्याकाठची दगडी वाट, खिडक्यांतल्या कुंड्या, घड्याळाचा मनोरा, सगळं कसं हुबेहूब उतरलंय. घड्याळ वीस मिनिटं मागे असतं हे तू लिहिलं नाहीस, हे गावावर उपकारच झाले.

आणि शेवटी डोंगरावरच्या पठाराकडे जाणारी आपली छोटी गाडी, आणि मी. ‘गाडी सुटण्याआधी एक म्हातारा लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोका मारतो, डोळे मिटून त्याचा आवाज ऐकतो. चाक नितळ वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर त्यात चीर. त्यानं मान डोलावल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.’ म्हातारा म्हणालीस त्याचा हिशेब भेटल्यावर करू.

छान लिहिलंयस. खोटं कशाला बोलू, वाचताना ऊर भरून आला. पण माझ्याबद्दल एवढं लिहायला नको होतंस. मासिक आल्यापासून शनिवार-रविवारी गावात पाय ठेवायला जागा नाही. गाडीच्या अकराच्या फेरीला लोक दहापासून फलाटावर येऊन थांबतात. मी हातोडी उचलली की सगळे फोन वर. मी मान डोलावली की टाळ्या! एकतीस वर्षं ही चाकं ठोकतोय, बायकोनंसुद्धा कधी टाळी वाजवली नाही. सर्कशीतल्या अस्वलासारखं वाटतं मला. मॅनेजर मात्र खूश आहे. परवा माझ्यासाठी नवी टोपी घेऊन आला, पितळी बिल्ला लावलेली.

मी फोनवर का येत नाही असं विचारलंयस. अगं, फोन नुसता खरखर करतो. आणि पत्र बरं. पत्र दोनदा वाचता येतं, फोन दोनदा ऐकता येतो का?

तू सगळ्यांना घेऊन यायचं म्हणतेस. ये की, घर तुझंच आहे. पण एवढ्यात नको. ही गर्दी जरा ओसरू दे. थंडीत ये, निवांत बसू.

ढब्बूचा दात पडला का? धाकटीला माझा पापा.

तुझा,
बाबा


ता. १५ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय बिट्टे,

आशीर्वाद. तुझं पत्र काल आलं. म्हणजे तू येणारच. २६ तारखेच्या शनिवारी, सकाळी दहाच्या बसनं, तुम्ही चौघं आणि मासिकाचा फोटोग्राफर. कुणाचं ऐकायचं नाही हा गुण आईकडून आलाय, हे मी तिच्या देखत लिहितोय.

तरी एकदा सांगून बघतो. एक म्हणजे गावात एकही खोली रिकामी नाही, फोटोग्राफरला कुठं टाकणार? पाण्याचीही बोंब आहे, दिवसाआड येतं. शिवाय घरोघरी तापाची साथ आहे. आई म्हणते साथ वगैरे काही नाही, पण ती काय डॉक्टर आहे का?

तू लिहिलंयस, ‘बाबा, आम्ही तुला नकोसे झालोय का?’ असं लिहू नकोस गं. ते वाचून मी जेवलो नाही. तुम्हाला बघायला माझा जीव किती आसुसलाय हे तुला काय सांगू? ढब्बूला गेल्या उन्हाळ्यात पाहिलं, त्यानंतर नाही. धाकटी तर मला ओळखणारही नाही. या. पण गाडीत बसायचं तेवढं राहू दे. तळ्यावर जा, होडीत बसा, बेकरीत जा. गाडीत काय आहे एवढं? पन्नास मिनिटं वर जायचं, वारा खायचा, चाळीस मिनिटं खाली यायचं.

ढब्बूनं तुझ्या पत्राखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘आबा, मी सगळ्यात मागच्या डब्यात बसणार. तिथून दरी दिसते.’ त्याला सांग, मागच्या डब्यात नाही. अजिबात नाही. काहीतरी कारण काढ, तुला सुचेल.

कारण विचारशील म्हणून सांगतो. गर्दीला तीन डबे पुरेनात, म्हणून मॅनेजरनं चौथा बाहेर काढलाय. तोच, शेडच्या कोपऱ्यात अकरा वर्षं पडून होता तो. तो चालू होता तेव्हा, शेडमध्ये उभा असला की तू लहानपणी त्याच्यात भातुकली मांडायचीस. आता हिरवा रंग लावलाय, खिडक्यांना पडदे लावलेत, लोकांना तोच सगळ्यांत जास्त आवडतो. एका डब्याला आठ चाकं, म्हणजे आता बत्तीस चाकं झाली. मी सगळी ठोकली. ठीक आहेत. ठीकच असतील.

ड्रायव्हरला तू ओळखतेस, तोच आहे अजून, पोट तेवढं वाढलंय. तो म्हणतो, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर मागून ठक ठक असं काहीतरी येतं. मी म्हटलं, तुझी कवळी असेल. तो हसला. मीही हसलो.

हल्ली गाडी वर गेली की मी घरी जेवायला जात नाही. ती परत येईपर्यंत फलाटाच्या टोकाला उभा राहतो, बूट काढून, तळवा रुळावर टेकवून. रूळ थरथरला की समजायचं गाडी खाली येतेय. मग माझ्या जिवात जीव येतो. लोकांना वाटतं, हीसुद्धा काहीतरी जुनी पद्धत आहे. तेही फोटो काढतात.

येण्याआधी दोन दिवस तुम्ही तुझ्या यादीतल्या चौथ्या नंबरच्या गावी राहणार असं लिहिलंयस. ‘जिथं फोन लागत नाही, हेच ज्याचं सुख’, असं तू त्या गावाबद्दल म्हटलंयस. तिथंच का नाही राहत चार दिवस? चांगलं आहे की गाव.

उत्तर लगेच पाठव.

बाबा


ता. २३ सप्टेंबर, बुधवार

प्रिय बिट्टे,

हे पत्र शेडमध्ये बसून लिहितोय. दुपारचे तीन वाजलेत, समोर चारही डबे उभे आहेत. आज आशीर्वाद वगैरे नंतर. आधी एका दमात लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा पाण्याच्या टंचाईवर घसरेन.

मला ऐकू येत नाही. मी बहिरा झालोय.

उजवा कान जाऊन सहा वर्षं झाली. त्याचं एवढं काही वाटलं नाही, डाव्यानं भागत होतं. गेल्या वर्षीच्या जुलैपासून डावाही जायला लागला. आधी पाखरं गेली. मला वाटलं, हल्ली पाखरं कमी झालीत. मग किटलीची शिट्टी गेली. मी आईवर डाफरलो की तू चहा उकळत ठेवून विसरतेस. एके दिवशी पहिल्या डब्याच्या पहिल्या चाकावर ठोका मारला आणि नुसता हाताला झटका बसला. आवाज नाही. मी दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा मारला. हातोडी खाली ठेवून मी त्या चाकाशी दहा मिनिटं बसून राहिलो.

पलीकडच्या गावातल्या डॉक्टरकडे गेलो, इथल्याकडे नाही. त्यानं कागदावर लिहून दिलं की मशीन लावा, बोललेलं थोडं कळेल, पण असले बारीक आवाज आता ओळखू येणार नाहीत. तो कागद मी बसमध्येच फाडून टाकला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला दुसरं काय येतं? एकतीस वर्षं मी एकच गोष्ट केली. वरून स्वतःची समजूत काढली की हाताला कळतंय. ठोका मारायचा आणि तळहात चाकावर ठेवायचा, चाक कसं थरथरतं ते बघायचं. ती चोवीस चाकं माझ्या इतक्या वर्षांच्या ओळखीची होती, म्हणून वेळ मारून नेता आली. मोठी चीर हाताला कळते. बारीक चीर कळत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता तुझं. मे महिन्यात तू वही घेऊन आलीस. माझ्यासमोर बसलीस आणि विचारलंस, ‘बाबा, खरंच नुसत्या आवाजावरून कळतं?’ तुझ्या ओठांवरून मला प्रश्न कळला. मी म्हटलं, डोळे मिटून सांगतो कुठलं चाक ते. आणि डोळे मिटले, कारण उघड्या डोळ्यांनी तुझ्याकडे बघून ते नाटक मला जमलं नसतं. तेच तू छापलंस. खाली तुझं नाव. तुझ्या नावावर विश्वास ठेवून लोक गाड्या भरभरून इथं आले, ते आले म्हणून चौथा डबा निघाला.

राग येतो मला कधी कधी, तुझासुद्धा. कशाला लिहायचं होतं एवढं? पण तो खरा माझाच आहे, जायला जागा नाही म्हणून तुझ्याकडे येतो.

चौथ्या डब्याची आठ चाकं आता माझ्या ओळखीची राहिली नाहीत. अकरा वर्षं ती ओलीत पडून होती. पहिल्या शनिवारी मी त्यांच्यावर ठोके मारले, हात ठेवला, मला काहीही कळलं नाही. काही म्हणजे काहीही नाही. वर मान करून बघितलं तर सगळा फलाट माझ्याकडे बघत होता. लोक टाळ्या वाजवायला हात उचलून उभे होते. एका बाईच्या कडेवर पोर होतं, तिनं त्याचेही दोन हात धरून वर केले होते. आणि मी मान डोलावली.

तेव्हापासून चार शनिवार आणि चार रविवार झाले. ड्रायव्हर अजून म्हणतो, टाकीजवळ मागून ठक ठक येतं. मला भीती वाटते, बिट्टे. एखादं पोर खिडकीतून हात हलवतं, मी पण हात हलवतो, आणि मनात म्हणतो, परत ये रे बाबा. एका माणसाला एवढी भीती पुरते असं मला वाटायचं. आता त्या डब्यात ढब्बू बसणार म्हणतो.

गाडीत बसू नका. बाकी काय करायचं ते मला सुचत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

बाबा


ता. २६ सप्टेंबर, शनिवार, सकाळचे साडेआठ

प्रिय बिट्टे,

बस स्टँडवर तुझ्या हातात आईनं दोन पत्रं ठेवली असतील. बुधवारचं आधी वाच, मगच हे. ते पत्र मी पोस्टाच्या पेटीपर्यंत तीनदा घेऊन गेलो आणि तीनदा खिशात घालून परत आलो. तुझा बाप एवढा भित्रा असेल असं तुला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी आईला सांगितलं. मी ‘मला’ एवढंच म्हणालो आणि कानाकडे बोट केलं. तिनं कप खाली ठेवला, माझ्यासमोर येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ‘चौदा महिने मी तुमच्या तोंडासमोर येऊन बोलतेय. तुम्हाला काय वाटलं, या वयात प्रेम उतू चाललंय?’

मी म्हटलं, ‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही कधी बोलताय ते बघत होते. पोरीचा फोन आला की मी सांगायचे, शेडमध्ये आहेत. चौदा महिने शेडमध्ये! तिला काय ते खरं वाटलं असेल?’

मग मी चाकांचं सांगितलं. ते तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला वाटत होतं मी हातानं, डोळ्यानं, कशानं तरी नीट तपासतोय. तिचा चेहरा पांढराफटक पडला. उठली, चपला घातल्या, पर्स घेतली. मी विचारलं कुठं, तर म्हणाली, ‘शेडमध्ये. मला ऐकू येतं ना अजून.’

एकतीस वर्षांत ती शेडमध्ये कधी आली नव्हती. मी तिला सांगितलं, मडकं घेताना तू बोटानं वाजवून बघतेस ना, तसंच हे. नितळ वाजलं तर हात वर कर. पर्स काखेत धरून ती माझ्या मागोमाग वाकून चालत राहिली, त्या गुडघ्यावर. मी ठोका मारायचो आणि मान वळवून तिचा हात बघायचो. पहिला डबा, आठही वेळा हात वर. दुसरा डबा, आठही वेळा. तिसऱ्या डब्याच्या दोन चाकांना हात अर्धाच वर आला. म्हणाली, ‘मला काय कळतंय यातलं? बरं वाटतंय, पण अगदी तसं नाही.’ मी त्या दोन्हींवर खडूनं फुली मारली.

चौथा डबा. पहिलं चाक, हात वर. दुसरं चाक, हात वर. तिसऱ्यावर ठोका मारला आणि वळून बघितलं तर तिचा हात पर्सवरच होता.

‘पुन्हा मारा.’

मी पुन्हा मारला.

‘अहो, हे मडकं फुटकंय.’

मी रॉकेलच्या फडक्यानं चाक पुसलं. अकरा वर्षांची काळी मळी निघाली, आणि तिच्याखाली कडेपासून आत गेलेली केसाएवढी रेघ. वीतभर लांब. मी तिथंच खाली बसलो. चार शनिवार, चार रविवार, दिवसाला चार फेऱ्या, आणि दर फेरीला माझी डोलावलेली मान. आई शेजारी बसली आणि तिनं माझी पाठ चोळली, जशी तू आजारी पडलीस की चोळायची. ती रडत होती. मी पण.

तिला तुला लगेच फोन करायचा होता. मी हात जोडले, म्हटलं, बिट्टीला मी सांगेन, माझ्या तोंडानं सांगू दे. मला वाटलं, आधी मॅनेजरला सांगतो. गाडी बंद झाली की मग तू आलीस तरी काही बिघडत नाही. काल संध्याकाळपासून मात्र ती सारखा फोन लावतेय. लागत नाही. तुझ्या चौथ्या नंबरच्या गावाचं सुख आम्हाला चांगलंच भोवलंय.

काल मी मॅनेजरकडे गेलो. सगळं सांगितलं, कानाचंही. लिहून आणलं होतं तो कागद त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं दोनदा वाचला. माणूस वाईट नाही, बिट्टे, हे आधी सांगतो. त्याचा चेहरा उतरला, त्यानं मला पाणी दिलं, मग वहीवर मोठ्या अक्षरांत लिहीत बसला. चौथा डबा गाडीतून काढून ठेवतो, सांगितलंत त्याबद्दल आभार. तपासणीस मंगळवारी शहरातून येईल, तोपर्यंत कुणाला बोलू नका. मी विचारलं, बाकीच्या तीन डब्यांचं काय? त्यानं लिहिलं, तुमच्या मिसेसनीच तर ती पास केली ना! मी म्हटलं, दोन चाकांची तिला खात्री नाही. त्यानं लिहिलं, ती दोन चाकं इतकी वर्षं चालली, आणखी दोन दिवस चालतील. सगळ्या खोल्या भरल्यात, बेकरीवाल्यानं दुप्पट माल टाकलाय, मासिकाचा फोटोग्राफर येतोय. गाडी बंद ठेवली तर हे गाव पुन्हा झोपेल.

मग त्यानं लिहिलं, उद्या तुम्ही ठोकलं नाही तरी चालेल. फक्त नेहमीसारखी मान डोलवा. लोक त्यासाठीच येतात.

मी नाही म्हटलं. तर त्यानं शांतपणे लिहिलं, मग तिकिटं फाडतो त्या क्लार्कला टोपी देतो.

आज सकाळी फलाटावर आलो तेव्हा क्लार्क माझी टोपी घालून शेडच्या दाराशी हातोडी कशी धरायची त्याचा सराव करत होता. मला बघून ओशाळला बिचारा. साठ लोक आत्ताच रांगेत आहेत. मी सगळ्यांत पुढच्या माणसाला सांगितलं, या गाडीत बसू नका, चाकांची खात्री नाही, मला ऐकू येत नाही. तो हसला आणि त्यानं बायकोला जवळ बोलावलं. त्यांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. तिनं मला तेच पुन्हा बोलायला सांगितलं, तिला ते फोनवर घ्यायचं होतं. मी पुन्हा बोललो. हात जोडून बोललो. मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असाव्यात, हात हलताना दिसले.

पोलीस चौकी पलीकडच्या गावात आहे, तुला माहीतच आहे. तिथं आईनं सातलाच फोन करून सांगितलंय. ते म्हणाले, बघतो. कधी बघतात कोण जाणे.

मग ड्रायव्हरकडे गेलो. त्याला खडूची फुली दाखवली. त्यानं वाकून त्या फुलीवरून बोट फिरवलं. म्हणाला, आणि माझ्यासमोर तोंड करून नीट म्हणाला, ‘माझी दोन वर्षं राहिलीत रे. साहेबानं हिरवा झेंडा दाखवला तर मला न्यावी लागते, मी काय सांगणार त्याला? तू बाजूला उभा असलास तर मला न्यावीच लागेल.’ आणि पुढे म्हणाला, ‘तू समोर असलास तर नाही नेता येणार.’

एवढं बोलून तो इंजिनावर चढला आणि फडक्यानं काच पुसत बसला. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

तर मी समोर बसणार आहे. हे पत्र आईला दिलं की लगेच. फलाट संपतो तिथून दहा पावलांवर, रुळांच्या मध्ये, इंजिनाकडे तोंड करून. अकराला सुटते. साहेब येईल, लोक येतील, ओरडतील, कदाचित हाताला धरून उठवतील. उठवलं तर पुन्हा बसेन. एका गोष्टीचं बरं आहे, मला कुणाच्या शिव्या ऐकू येणार नाहीत. भीती मात्र वाटतेय, ती लपवून काय करू? माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला कळत नाही. ड्रायव्हरचा हात तेवढा दिसेल, त्यावरच नजर ठेवायची.

फोटोग्राफरला म्हणावं, फोटो काढ, खुशाल काढ. आणि त्याखाली काय लिहायचं ते तू ठरव. बुधवारचं पत्र तुझ्याकडे आहे. त्यातला एक शब्दही बदललास तर माझ्याशी गाठ आहे.

मुलांना आईजवळ ठेव. जावईबापूंना सांग, मला माफ करा, त्यांच्यासमोर हे असं व्हायला नको होतं. तू मात्र ये, एकटी. तू येशील का, ते मला माहीत नाही. मी तुला फसवलंय, तुझ्या नावाला काळं लावलंय, तू फलाटावरूनच परत फिरलीस तर मी काही म्हणणार नाही.

पण आलीस तर मागून हाक मारू नकोस, मला कळणार नाही. खांद्यालाही हात लावू नकोस, मी दचकेन. वळसा घालून समोर ये. इंजिनात आणि माझ्यात चार हात जागा ठेवतोय.

बाबा